कमलीची पाखरं

मानोरा तालुका, आपला तांडा
सोमवार, सकाळ

प्रिय कमली,

हा शब्द लिवतानी मले माहंच हासू आलं. एकतीस सालात मी तुले ‘अवं’, ‘ऐकलं का’ आन् ‘विनोदची माय’ याच्या पलीकडं हाक मारली नाही. पन आश्रमशाळेत गुरुजीनं पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती, म्हून राहू देतो. घरात फोन असताना पत्र काहून, असं तुले वाटन. फोन केला का तू स्पीकर लावते. मंग तुह्यासंग तुहा भाऊ गोविंदसिंग ऐकते, आपला विनोद आन् सून ऐकते, आन् तळावरच्या शेजारच्या चार पाचटाच्या कोप्या ऐकतात. मले जे सांगायचं हाय ते ऊसतोडीच्या सगळ्या टोळीले नाही सांगायचं. लालसिंग गुरुवारी टॅक्टर घेऊन कारखान्यावर परत येऊन राह्यला, त्याच्याजवळ हे पाकीट देतो. पाकिटात पत्र हाय आन् फोटो हायेत. फोटो सगळ्याईले दाखव. पत्र दुपारच्या जेवणाच्या टायमाले, मोळीले टेकून, एकटी वाच. सुनेले, रंजीताले, वाचाले लावू नको. तू हळू वाचते, पन वाचते, मले ठाऊक हाय.

पहिले घरचं सांगतो. माय बरी हाय. गुडघे धरतात, पन तोंड चालू हाय. तांबडी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. हरभरा घाट्यावर आला, आन् तुरी अजून वावरात उभ्या हायेत. माह्या हाताचं प्लास्टर मागच्या बुधवारी काढलं. हाताचं मात्र मी शेवटी सांगणार हाय, कारण बाकी सगळं लिवल्याशिवाय ते मले लिवता येणार नाही.

यंदा पहिल्यांदा असं झालं का तू तोडीले गेली आन् मी घरी राह्यलो. दिवाळीच्या आठ दिवस आधी मी टिनावर चढलो, घसरलो, डावा हात मोडून घेतला, आन् तुले भावासंग कोयता धरावा लागला. तुमच्या गाड्या गेल्या तवा मी कवाडात उभा होतो आन् मले वाटलं, आता चार महिने बुढ्याबुढ्याईत बसून माशा मारायच्या. पन कमली, एक गंमत ध्यानात आली. सातवी सुटली तवापासून मी दर दिवाळीनंतर या शिवारातून जातो आन् होळीच्या आगंमागं परत येतो. म्हंजे चाळीस हिवाळे झाले, मी आपल्या गावचा हिवाळाच पाह्यला नाही. सकाळी तलावावर वाफ निघते, चुलीवर भगुनं ठेवल्यासारखी. तुरीचं फूल पिवळं हाय हे मले माहीत होतं, पन त्याच्या मागच्या बाजूले लाल रेघा असतात हे मी यंदा पाह्यलं. त्रेपन्न वर्साचा मानूस धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून तुरीचं फूल उलटंपालटं करून पाहून राह्यला, हे तू पाह्यलं असतं तं म्हणली असती, टिनावरून पडला तवा डोक्यावर पडला असन.

मंग एका सकाळी मी आंगणात तोंड धूत होतो आन् आवाज आला. दुरून गाडीचं बिनावंगणाचं चाक कुरकुरावं तसा, पन एक चाक नाही, लय चाकं. मी रस्त्याकडं पाह्यलं, रस्ता रिकामा. मंग वर पाह्यलं. तलावाच्या अंगानं एक रांग येऊन राह्यली होती, मधून वाकलेली, कोयत्यासारखी. मोठमोठी पाखरं, मान पुढं ताणलेली, पाय मागं ताणलेले, आन् सगळी एकमेकाईशी बोलत बोलत चाललेली. मी मोजू लागलो, सत्तरपर्यंत मोजले आन् तोंडावरची राखुंडी तशीच वाळून गेली. हरभऱ्याच्या वावरात उतरली सगळी. मी कपाळाले हात लावून तिथंच बसलो, कारण ही पाखरं मले ठाऊक होती. मी ती एकतीस सालाआधी ऐकली होती, तुह्या तोंडून.

तुले आठवत असन, आन् तू इसरली असशीन अशी आशा मी कायले करू. लग्नाच्या पहिल्या साली, पहिल्याच तोडीले, आपन कोपीत बसलो होतो. तू सांगत होती का लहानपणी मायबाप तोडीले गेले का तू रिठदच्या तांड्यात आजीजवळ राहत होती, आन् थंडीत तिथं माणसाच्या कमरेएवढी पाखरं येत होती, रांगेनं, कुर्र कुर्र करत, शंभर शंभर. मी म्हणलो, रिठद काय विलायतेत हाय? रिठदले येतात तं आमच्याकडं काहून येत नाहीत? मी जन्मापासून त्याच जिल्ह्यात राहतो, मले एक दिसलं नाही. तू म्हणली, तुमाले दिसले नसतील. मी कोपीच्या बाहेर जाऊन सगळ्याईले सांगतलं. सगळे आपल्याच भागातले, सगळे पोरपणापासून तोडीले जाणारे, त्यातल्या एकानंही ती पाखरं पाह्यली नव्हती. मंग झालं. वीस लोकाईनं नाही पाह्यलं म्हंजे नाहीच. त्या दिवसापासून कोनी थाप मारली का ‘कमलीची पाखरं’. पोट्टे उशिरा येऊन बहाणा सांगू लागले का ‘कमलीची पाखरं’. आपला विनोद सात वर्साचा होता तवा तुह्याच तोंडावर म्हणला होता, आन् तू त्याच्या हातात भाकर देऊन उठून गेली होती. एकाच्याही डोक्यात हे आलं नाही का पाखरं येतात तवा आपुन नसतो आन् आपुन येतो तवा पाखरं गेलेली असतात. आपल्यासारख्या लोकाईशिवाय ही चूक दुसरं कोनी करूही शकत नाही.

मायले मी त्याच दिवशी इच्यारलं. ती चुलीपुढून उठलीबी नाही. म्हणली, दर साली येतात. तिचं तोडीले जाणं बंद झाल्याले दहा साल झाले, दहाही साल तिनं पाह्यली. तांड्यातल्या सगळ्या बुढ्याईले ठाऊक हाय. मी म्हणलो, मंग सांगतलं काहून नाही? तं म्हणे, पहिल्याच साली सांगतलं होतं, तू म्हणला बुढीले दिसत नाही, बगळे असतील. खरं सांगतो, मले हे आठवत नाही. पन बोलणं माहंच वाटते.

म्हून मी ठरवलं, तुले पुरावा धाडायचा. आन् नुसत्या बसलेल्या पाखराचा नाही. तू उडणारी सांगतली होती, तं उडणारीच पाहिजेत. माहा फोन तं साधा, बटनाचा. पेटीत तपासलं तं विनोदनं सांगलीच्या बाजारातून आणलेला तो छोटा क्यामेरा सापडला, साबणाच्या वडीएवढा, चंदेरी. लग्नाआधी गळ्यात घालून मिरवत होता तोच. चार्जर तुह्या पातळाच्या घडीत होता, तो तिथं तू कायले ठेवला ते तूच जाणे. चार्ज केला आन् चालू झाला. एका हातानं धरता येते, हे माह्या कामाचं. विनोदले फोन करून मी इच्यारलं का बटन कसं दाबायचं. तो म्हणला, अर्धं दाबा, थांबा, मंग पुरं दाबा. कायले पाहिजे म्हणून इच्यारत होता, मी म्हणलो शेळीच्या पाट्याईचा फोटो काढतो.

कमली, उडतं पाखरू पकडणं म्हंजे काय हाय ते सांगतो. पहिल्या चार दिवसात मी एकशे साठ फोटो काढले. त्यातले सव्वाशेक नुस्तं आभाळ. बाकीच्यात कुठं शेपटी, कुठं पंखाचं टोक, एकात माहाच अंगठा. हा क्यामेरा बटन दाबलं का लगेच फोटो काढत नाही. आधी इचार करते. नळी पुढं घेते, मागं घेते, झीं झीं करते, मंग कुठं टिक वाजते, तोवर पाखरू पार मोहगव्हाणच्या रस्त्याले लागलेलं असते. जवळ ओढून पाहावं तं काचेत नुसतं निळं, पाखरू कुठं हाय तेच सापडत नाही. बारीक चुकलं का लय चुकते. उन्हात काचेवर काही दिसतबी नाही, म्हून मी डोक्यावरून दुपट्टा घेऊन धुऱ्यावर बसत होतो. येणारेजाणारे इच्यारत होते, किसनसिंग, वाफ घेऊन राह्यला काय?

पाचव्या दिवशी राग आला. क्यामेरा खिशात घालून मी नुसता पाहत बसलो, आन् हात आपोआप हालू लागला. तुले माहीत हाय, पोरपणी मी ज्वारीच्या वावरात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवत होतो. गोफणीचा गोटा पाखराच्या अंगावर सोडायचा नसते. पाखरू जिथं जाणार तिथं सोडायचा, गोटा जाईलोक पाखरूच तिथं येते. बाप मले हेच शिकवत होता. मले एकदम कळलं का हा क्यामेरा खराब नाही, हा गोफण हाय. त्याले पोचाले टाईम लागते, तो धरून चालायचं. मंग मी असं केलं. पाखरं जितकी लांब असतात तितक्याच लांबच्या बाभळीवर क्यामेरा रोखला, बटन अर्धं दाबून ठेवलं, झीं झीं काय करायचं ते आधीच करून घेऊ दिलं. मंग बोट तसंच ठेवून पाखरासंग हात फिरवला आन् पाखराच्या चोचीच्या दोन हात पुढं पुरं दाबलं. पहिल्याच फटक्यात पाखरू आलं असतं. पन गोफण सोडली का तोंडातून पाखरं हाकलायची हारी निघते ना, तशी माह्या तोंडातून निघाली, ‘हाऽ हाऽऽ’ म्हणून, पोटातून. अख्खी रांग दचकून वळली. त्या फोटोत नव्वद पाखरं हायेत आन् सगळ्याईची पाठ हाय. तोबी धाडला हाय, हास.

त्याच्यानंतर मी तोंडात गोडंबी ठेवू लागलो, चघळलं का ओरडता येत नाही. आन् रोजचं काहीतरी नवं दिसू लागलं. ही पाखरं उठताना वाऱ्याकडं तोंड करूनच उठतात. मी मूठभर माती सोडून वारा पाहत होतो आन् वाऱ्याले पाठ देऊन बसत होतो, म्हंजे उठली का माह्यावरूनच येतात. उठायच्या आधी त्याईच्यातलं एक मान पुढं वाकवते, मंग दुसरं, मंग तिसरं, आन् सगळ्याईनं वाकवली का धावत सुटतात. अंग राखाडी, मान आन् छाती काळी, आन् डोळ्याच्या मागं पांढऱ्या पिसाचा झुपका, कानावर फूल ठेवल्यासारखा. उडताना समोरचं थकलं का मागं येते आन् मागचं पुढं जाते, कोनी सांगत नाही, भांडण नाही. त्याईचा मुकादम कोन हाय ते मी महिनाभर शोधून राह्यलो, मले सापडला नाही. आन् ती सारखी बोलतात काहून, हेबी मले कळत नव्हतं. मंग एका धुक्याच्या सकाळी एकही दिसलं नाही, नुसता आवाज डोक्यावरून गेला, रांगेच्या रांगेनं. आपन पहाटे फडात जाताना एकमेकाईले नावानं हाका मारत जातो, कोनी मागं राहू नये म्हून, तसंच असन. मले तरी तसंच वाटते.

चांगले फोटो आले तवा दुसरीच अडचण निघाली. क्यामेऱ्याची तारीख बिघडलेली हाय, फोटोच्या कोपऱ्यात नारंगी आकड्यात दोन हजार बारा साल येते, आन् ते मले काढता येत नाही. मी आपल्या टोळीले ओळखतो, मीच त्याईचा म्होरक्या होतो. ते म्हणतील, किसनसिंगनं बायकोपायी कुठलातरी जुना फोटो आणला, हे काय आपलं गाव हाय? आभाळावर कुठं गावाचं नाव असते? म्हून फोटोत पाखरंबी पाहिजेत आन् गावबी पाहिजे. त्याच्यासाठी मी अकरा दिवस देवळाच्या मागं बसलो. पाखरं कवा तलावाकडून जात होती, कवा पार पोहरादेवीच्या अंगानं. प्लास्टर निघायच्या आधीच्या शुक्रवारी माय देवळाच्या ओट्यावर ऊन खात बसली होती, मी तिच्यापासून वीस पावलं मागं. आवाज आला. मी जवळ ओढलं नाही, उलट पुरं मागं नेलं, जेवढं दिसते तेवढं दिसू दे म्हणलं. पांढरा झेंडा, पाण्याची टाकी, टाकीवर रंगवलेलं आपल्या तांड्याचं नाव, ओट्यावर मान वर करून बसलेली माही माय, आन् तिच्या डोक्यावरून ती अख्खी रांग. जवळ जायचा नाद सोडला तवा कुठं सगळं एका फोटोत आलं. मायच्या लुगड्यावरचं ठिगळ पाहा, ते तू दसऱ्याले लावलं होतं. आता कोन काय म्हणते ते पाहू.

बुधवारी प्लास्टर काढाले गेलो तवा येताना शेलूबाजारले उतरून फोटो कागदावर काढून आणले. स्टुडिओवाल्यानं तो फोटो दोनदा पाह्यला आन् म्हणला, हा तं करकोचा, कांड्या करकोचा, लय दूरच्या देशातून डोंगर वलांडून येते. मी म्हणलो, आमच्या घरी एकतीस सालापासून याचं दुसरं नाव हाय. त्यानं इच्यारलं काय, मी पैसे देऊन निघालो. जीपमध्ये बसल्यावर मी फोटोच्या मागं पेनानं लिवलं. मायवाला फोटो उलटून पाहा, ‘कमलीची पाखरं, खरी’ असं लिवलं हाय, खाली माही सही. कोपीच्या मेढीले बाहेरच्या बाजूनं लाव. तवा हासणारे सगळे तिथंच हायेत, एक मी सोडून.

आता हाताचं सांगतो. प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर मी डाव्या हातात चहा घेतला. कप खाली पडला, फुटला, आन् मले तो सुटल्याचं कळलंच नाही, बोटं सुन्न होती. डाक्टर म्हणला, आठ दिवसात जाईन, आन् त्याच्या आधीच गेलंबी. पन तो कप पडला आन् मले दोन सालाआधीचा फड दिसला. तुह्या हातातून मोळी सुटली होती. तू म्हणली, उजव्या हाताची बोटं समजत नाहीत, कोयता धरला हाय का नाही ते डोळ्यानं पाहावं लागते, मानेपासून मुंग्या येतात. आन् मी सगळ्या टोळीपुढं म्हणलो, कमलीची पाखरं. सगळे हासले, मी सगळ्यात मोठ्यानं. त्याच्यानंतर तू हाताचं नाव काढलं नाही. यंदा निघताना तू मनगटाले फडकं बांधून दातानं गाठ मारत होती, ते मी पाह्यलं होतं कमली. पाह्यलं आन् टिनाकडं पाहत राह्यलो. म्हून मी परत आत गेलो आन् डाक्टरले तुहं सगळं सांगतलं. त्यानं इच्यारलं, कवापासून? मी म्हणलो, दोन साल झाले. तो चिडला, म्हणला, ही नस दबायची गोठ हाय, लवकर आणा, उशीर केला तं बोटं परत येत नाहीत, दोन साल काय करत होते? आमी हासत होतो, कमली. आता ऐक. वाशिमच्या मोठ्या डाक्टरकडं पुढच्या मंगळवारी तुहा नंबर लावला हाय. मी शनिवारी तुले घ्याले येतो. मुकादमाशी बोललो, त्याचं मी पाहून घेईन, सीझन अर्धा टाकून कशी येऊ असं म्हणू नको. माय म्हणते, पाखरं होळीलोक राहतात, म्हंजे तुह्यासाठी अजून हायेत. तू रिठद सोडल्यापासून पाह्यली नाहीस ना. आपन दोघं हरभऱ्याच्या धुऱ्यावर बसू. हात माह्या मांडीवर ठेव आन् कुठं दुखते, कवापासून दुखते, सगळं पहिल्यापासून सांग. पाखरं वरून जातील तं जाऊ दे, मी वर पाहणार नाही, तुह्याकडं पाहीन.

तुझाच,
किसनसिंग